आतोबांची गिटार आणि माद्रिदचा भाव

गेल्या रविवारी वेंगुर्ल्याहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. माळ्यावरची गिटार तिने पडवीतल्या बाकावर आडवी टाकली होती. "गो बाय, ही इकूची आसा. तू थंय ऱ्हवतंस, तुका भाव ठावक आसतलो."

आतोबा बोटीवर होते. 1974 साली बोट व्हॅलेन्सियाला लागली तेव्हा त्यांनी ती घेतली. पन्नास वर्षांची, त्यात स्पेनची, म्हणजे लाखात जाणार, असं शेजारच्या मुलाने आत्याला सांगून ठेवलेलं.

मी इथे माद्रिदला तीन वर्षं गिटार शिकतेय. वाजवते कशी ते विचारू नका, पण तार बदलायच्या निमित्ताने एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात मी बरीच बसले आहे. त्याचं पहिलं सांगणं, वय बाजूला ठेव. व्हायोलिनला म्हातारपण मानवतं. गिटारची वरची फळी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची, ती तारांच्या ओढीने दमत जाते. नावाजलेल्या हातची असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून आधी आत चिकटवलेली, बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. आत्याने पावडरच्या डबीचा आरसा आणि टॉर्च घेतला. "कोळ्याचा जाळा आसा," मग खोकला, मग कारखान्याचं नाव आणि गाव. कारागिराची सही नाही, साल नाही. लाख तिथेच गेले.

आता लाकूड. वरच्या फळीच्या भोकाची कड बघायची. लाकडाच्या रेषा कडेतून आरपार खाली उतरत असतील तर फळी अखंड, थरावर थर दिसले तर प्लाय. आत्याची फळी अखंड निघाली, आणि मला उगाच आनंद झाला. पाठीबद्दल मात्र तिचं ठाम मत होतं, "शिसवीचा आसा, आमच्या कपाटासारख्या." मी म्हटलं, बाहेर पाठीवर ती गाठ दिसतेय ना, तशीच आतून त्याच जागी आहे का बघ. फोन भोकातून आत घालून तिने फोटो काढला. आत गाठ नव्हती. म्हणजे वरून शिसवीचा पातळ पापुद्रा, आत साधं लाकूड. तो पापुद्रा ब्राझीलच्या शिसवीचा निघाला तर, तिच्या व्यापारावर 1992पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, कागदपत्रांशिवाय गिटार सीमेपार नेता येणार नाही.

खरी गोम तारांत निघाली. त्या चकाकत होत्या. "जुन्यो तुटल्यो, म्हणान झीलान कुडाळसून नव्यो आणून घातल्यान." पोलादी! नायलॉनच्या सहा तारांची ओढ साधारण 40 किलोची, पोलादी तारांची 70च्या घरात. आतोबांची ती नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार, तिची फळी त्यासाठी केलेलीच नसते. तारा जिथे बांधतात त्या चिकटवलेल्या ब्रिजच्या मागून रेशनकार्डाचा कोपरा सरकव म्हटलं, तो आरामात आत गेला. मागे फळीला पोट सुटलेलं. मानेवरच्या आडव्या धातूच्या रेघांपैकी बाराव्या रेघेपाशी, म्हणजे बाराव्या फ्रेटपाशी, कंपासपेटीतली पट्टी लावली तर जाड तार सहा मिलिमीटर वर. चारच्या आसपास हवी.

त्यात कोकणातला पावसाळा. लाकूड फुगतं, सरस मऊ पडतो. इथे माद्रिदला उलटं, हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की आम्ही गिटारच्या पेटीत ओला स्पंज ठेवतो. आत्या कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवते. ती गिटार इथे मागवली असती तर पहिल्याच जानेवारीत तडकली असती.

इथे अशा विद्यार्थी-गिटारींसाठी विकणारे चारशे युरो लिहितात. मी बघत आलेय, जातात त्या दीडशेला, तेही धड असतील तर. ब्रिज काढून पुन्हा बसवायचे माझा म्हातारा कारागीर शंभर घेतो. आत्याला म्हटलं, तारा आजच हळूहळू सैल कर, आणि सुताराला बोलावून फेविकॉल लावू नकोस, नंतर नीट दुरुस्ती करणं कठीण जातं. पॉलिशही नको. आहे तशी, दोष सांगून, चर्चमध्ये वाजवणाऱ्या एखाद्या पोराला दे. चार हजार रुपये मागायला हरकत नाही. मूळची पेटी सोबत असेल तर थोडे जास्त.

पेटी म्हटल्यावर आत्या गप्प झाली.

"पेटी नाय गावाची," शेवटी म्हणाली. "तेच्यात गणपतीची तोरणां आसत. चवथ झाल्यार बघूया."