गावची लीग की ट्रॅव्हल टीम? आमच्या मुलाच्या बेसबॉलचा अनुभव

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, पिचर आहे, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकतो. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत या वयाला एकच चर्चा सुरू असते: गावच्या लिटल लीगमध्येच (मुलांच्या बेसबॉलची स्थानिक लीग) ठेवायचं की ट्रॅव्हल टीममध्ये (ठिकठिकाणी जाऊन स्पर्धा खेळणारी टीम) घालायचं? आम्ही एक फॉल सीझन (शरद ऋतूतला) ट्रॅव्हलमध्ये काढला, मग उन्हाळ्यात गावच्या टीमकडून डिस्ट्रिक्ट स्पर्धा (आसपासच्या गावांच्या लिटल लीग टीममधली) खेळलो. दोन्ही जवळून पाहिल्यामुळे सविस्तर लिहिते.

ट्रॅव्हलचं आधी चांगलं सांगते. त्या टीमचे कोच पगारी आणि जाणकार. त्यांच्या स्पर्धांत पिचर 50 फुटांवरून चेंडू टाकतो आणि धावायच्या दोन बेसमध्ये 70 फूट अंतर असतं. लिटल लीगमध्ये हेच आकडे 46 आणि 60, आणि तिथे चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला (बेसवरच्या धावणाऱ्या खेळाडूला) बेस सोडता येत नाही. ट्रॅव्हलमध्ये रनर आधीच पुढे सरकून उभा राहतो, त्यामुळे पिचरला त्याच्यावरही लक्ष ठेवावं लागतं. हे सगळं तो तिथे शिकला.

पण शनिवार-रविवार कसे जायचे? शनिवारी दोन सामने, रविवारी हरेपर्यंत खेळायचं. फाटकावर मोठ्यांना तिकीट. काही स्पर्धांत आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच राहायची सक्ती. वर्षाची फी गावच्या लीगच्या नोंदणीच्या कैकपट. समोरची टीम कुठली, ती मुलं कोण, हे कळायच्या आत सामना संपलेला असायचा. हेही चाललं असतं. मला काळजी लागली ती त्याच्या हाताची. काही स्पर्धांत पिच (टाकलेले चेंडू) मोजत नाहीत, इनिंग (तीन आउट होईपर्यंतचा डाव) मोजतात. एका इनिंगमध्ये दहा पिच होतात, तशाच तीसही होतात. एका रविवारी दुसऱ्या सामन्यातही त्याला पिचिंगला उभं केलं, तेव्हा आदल्या दिवशीचा त्याचा आकडा कोणाकडेच नव्हता. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2006 साली किशोरवयीन पिचरांचा अभ्यास मांडला होता. त्यात वर्षाला 8 महिन्यांहून जास्त स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांचं प्रमाण खूप जास्त आढळलं. ते वाचल्यावर आम्ही वसंतात गावच्या लीगमध्ये नाव घातलं.

इथून कागदपत्रं सुरू झाली. लिटल लीगमध्ये लीगच्या हद्दीत राहणारी किंवा तिथल्या शाळेत जाणारी मुलंच खेळतात. उन्हाळ्यातल्या डिस्ट्रिक्ट स्पर्धेच्या टीमसाठी पत्त्याचे तीन पुरावे लागतात, तेही तीन वेगवेगळ्या गटांतले. आम्ही गाडी चालवायचा परवाना, भाडेकरार आणि वीजबिल दिलं. तारखा नीट पाहा, कारण आदल्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीपासून या वर्षीच्या 1 फेब्रुवारीपर्यंतचेच कागद चालतात. लीगचं वय 31 ऑगस्टला धरतात. आमचा सप्टेंबरातला असल्यामुळे वर्गमित्र बाराचे झाले आणि तो अकराचा राहिला. त्याचा जन्मदाखला पुणे महानगरपालिकेचा. लीगमधल्या बाईंनी तो मन लावून वाचला, मराठी मजकुरात नेमकं काय आहे ते विचारून घेतलं आणि फाइलमध्ये लावला. त्या स्वतः दोन मुलांच्या आई, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, आणि हे काम त्या संध्याकाळी विनामोबदला करतात.

हद्दीचा नियम सुरुवातीला मला जाचक वाटला होता, पण सगळं त्यावरच उभं आहे. कार्ल स्टॉट्झ यांनी 1939 साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये लीग सुरू केली, तेव्हा तीनच टीम होत्या. आज शेजारच्याच साउथ विल्यम्सपोर्टमध्ये लिटल लीगची जागतिक स्पर्धा भरते आणि तिलाही प्रेक्षकांना प्रवेश मोफत असतो. टीम गावातूनच उभी करायची असल्यामुळे आहेत त्याच मुलांना शिकवावं लागतं. नियमित सीझनमध्ये प्रत्येक मुलाला किमान एकदा बॅटिंग आणि फील्डिंगमध्ये सहा आउट होईपर्यंत मैदानावर जागा मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. जो मुलगा एप्रिलमध्ये चेंडूला बिचकत होता, तो जूनमध्ये राइट फील्डला झेल घेऊ लागला. त्याला वगळून बाहेरून दुसरा आणायची सोयच नव्हती.

माझ्याकडे पिच मोजायचं काम आलं. मदत करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासतात, तो फॉर्म भरला आणि क्लिकर हातात घेतला. 11-12 वयाला दिवसाला 85 पिचची मर्यादा. 21 ते 35 झाल्या की एक दिवस विश्रांती, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन, त्यापुढे चार. इनिंग संपली की समोरच्या गावची आई आणि मी आकडे ताडून पाहायचो.

नाशिकहून सासू-सासरे आले होते. ट्रॅव्हलच्या वेळी त्यांना पहाटे उठवून दोन तास गाडीत नेणं शक्यच नव्हतं. इथे ते घडीच्या खुर्च्या घेऊन चालत यायचे. पहिल्याच सामन्यात आमच्या मुलाला थांबवलं, तसे सासरे अस्वस्थ झाले.

“अगं, चांगला टाकतोय की! काढला कशाला?”

“बाबा, 35 झाल्या. पुढच्या बॅटरला एक जरी टाकली तरी दोन दिवस बसावं लागेल. परवा सामना आहे.”

“बरं, बरं. हे कोण ठरवतं?”

“पुस्तकात लिहिलंय. मोजते मी.”

पुढच्या सामन्यापासून ते शेजारी बसून बोटांवर मोजू लागले. दोन पराभवांनंतर बाद, अशी ती डिस्ट्रिक्ट स्पर्धा होती. आम्ही एक जिंकलो, दोन हरलो. ज्या गावाकडून शेवटी हरलो, तिथली तीन मुलं आमच्या मुलाच्या पोहण्याच्या क्लासमध्ये निघाली आणि आता ती आमच्या अंगणातही खेळायला येतात.

ट्रॅव्हलच्या कोचना आम्ही स्पष्ट सांगितलं: या फॉलमध्ये तो सेकंड बेसवर फील्डिंग करेल, पिचिंग करणार नाही. त्यांना ते पटलं नाही, जागा दुसऱ्याला गेली. आम्ही ते मान्य केलं. गावात कोणाला विचारायचं असेल, तर नोंदणी बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच सुरू होते. वीजबिलं आत्तापासून एका फाइलमध्ये ठेवा, भाडेकरारावर दोघांची नावं आहेत का ते बघा, आणि जन्मदाखल्याची मूळ प्रत भारतातून येताना सोबत आणा.