बारा मार्चचा गट नंबर

गट नंबरच्या कॉलममध्ये तारखा निघाल्या. काही गावांची शेतकऱ्यांची यादी एक्सेलमधून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये घ्यायची होती. इम्पोर्ट करणाऱ्या प्रोग्रामने तो कॉलम टेक्स्ट म्हणून ओळखला, ते बरोबरच. तरी आत १२ मार्च, ५ जून! घोटाळा त्याआधीचा. गट १२/३ टाइप करून एंटर मारलं की एक्सेल तिथल्या तिथे चालू वर्षाची तारीख करून टाकतं. तारीख ते दिवसांच्या आकड्यात साठवतं, म्हणून २०२४ मध्ये भरलं असेल तर सेलमध्ये ४५३६३ उरतो, मूळ १२/३ कुठेच नाही. मागाहून फॉरमॅट टेक्स्ट केला तर तोच ४५३६३ दिसतो. ११८/२अ मात्र वाचतो, त्या 'अ'च्या कृपेने.

बऱ्याच ओळी उलट्या फिरवता येतात. फेब्रुवारी १९४५ निघाला तर गट २/४५ होता, कारण ४५ तारीख नसते म्हणून एक्सेल त्याला वर्ष समजतं. चालू वर्ष असेल तर दिवस आणि महिना. पण यादी दोन मशीनवर भरलेली, आणि एकावर विंडोजचं रीजन अमेरिकेचंच. (नवीन मशीन आलं की ते बदलणं हे कुणाचंच काम नसतं.) तिथे ३/१२ चीसुद्धा १२ मार्चच होते. गट दोन, आकडा एक.

यादीतल्या बँक खाते क्रमांकाची पुढची शून्यं गेली तर बँकेनुसार लांबी पाहून परत लावता येतात. १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक गेला तो गेलाच. एक्सेल १५ अंकच धरतं. मोबाइलच्या कॉलममध्ये एक जागा रिकामी असली की पांडाज ही पायथनची लायब्ररी अख्खा कॉलम दशांशात नेते. एक्सेल फाइल वाचून देणारा जुना ओएलई-डीबी ड्रायव्हर तर मूळ सेटिंगवर पहिल्या ८ ओळी पाहून 'आकडे' ठरवतो आणि पुढचे अक्षरवाले गट रिकामे देतो, एररसुद्धा न दाखवता.

तरी 'ऑटो डिटेक्ट राहू दे, कॉलमचा प्रकार प्रोग्रामच ठरवेल, वेळ वाचतो' म्हणणारे आहेतच. आता फाइल आधी जशीच्या तशी एका कच्च्या टेबलात, तिथे सगळे कॉलम टेक्स्ट, सोबत फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक. रूपांतर नंतर, एकेका कॉलमचं. नियमात न बसणाऱ्या ओळी वेगळ्या टेबलात जातात.

१२ मार्चवाल्या ओळी सातबाऱ्यावरच्या नावाशी आणि क्षेत्राशी ताडून सुटतात. १२/३ आणि ३/१२ दोन्ही एकाच खातेदाराचे, क्षेत्रही सारखंच, अशांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.