हजेरीपटावरच्या फुल्या

माझ्या पहिल्या प्रकल्पात मी पाच महिने बिनपगारी होते. काम असं: बिबट्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची, वाळवायची आणि त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यानं काय खाल्लं ते ओळखायचं. 'स्वयंसेवक' हा शब्द तेव्हा फार आवडायचा. घरून पैसे येत होते, म्हणून आवडायचा. माझ्याबरोबर निवड झालेला एक मुलगा आलाच नाही. त्याला घरी पैसे पाठवावे लागत होते. त्याची जंगलाची ओढ माझ्यापेक्षा कमी होती, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि विष्ठा मला सापडायची नाही, हेही सांगून टाकते. ती सापडायची आमच्या वाटाड्या काकांना. खोडावरचा ओरखडा, मातीत पायानं उकरल्याची खूण, कधी नुसता वास. मी त्यांच्या मागून पिशव्यांवर तारीख आणि जीपीएसचे आकडे लिहीत चालायचे. काका रोजंदारीवर. पाऊस लागला की काम बंद, काम बंद की मजुरी बंद. एकदा ओढ्यात त्यांचा पाय मुरगळला, तर हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे आठ दिवस फुल्या. प्रकल्पाच्या जीपचा मात्र विमा उतरवलेला होता! शोधनिबंध छापून आला तेव्हा लेखकांत माझं नाव तिसरं. काका शेवटी, आभारात, तेही 'स्थानिक साहाय्यक' म्हणून, बिननावाचे. मी तेव्हा गप्प बसले.

२०२२ च्या एका अभ्यासानुसार जगात साधारण २ लाख ८६ हजार रेंजर, म्हणजे संरक्षित क्षेत्रांत गस्त घालणारे रक्षक, आहेत आणि २०३० पर्यंत पृथ्वीची ३० टक्के जमीन राखायची तर १५ लाख लागतील. बैठकांमध्ये हा आकडा निघाला की सगळे भरतीबद्दल बोलतात. फुल्यांबद्दल कुणी बोलत नाही. दर ३१ जुलैला, जागतिक रेंजर दिनी, कामावर मेलेल्यांना आदरांजली वाहतात. वाहावीच. काँगोतल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात एप्रिल २०२० मध्ये एकाच हल्ल्यात १२ रेंजर गेले. पण मुरगळलेल्या पायाचा दिवस कॅलेंडरात नाही.

आता अंदाजपत्रक मी करते. पहिल्या ओळीत वाटाड्यांचा अपघात विमा, दुसरीत आजारपणाची भरपगारी रजा. गेल्या वेळी निधी देणाऱ्यांनी विचारलं, या दोन ओळींऐवजी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, वाढवता येतील का? मी उलट चार कॅमेरे कमी केले. त्यावरून सहकाऱ्याशी झालेला वाद अजून मिटलेला नाही.