वरच्यांचे पाइप, आमची न्हाणी

आमच्या न्हाणीघराची लांबी साडेपाच फूट आणि रुंदी जेमतेम चार फूट. डोंबिवलीतल्या 1981 सालच्या इमारतीत याहून मोठे कुणाच्याच वाट्याला आलेले नाही, त्यामुळे मापाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिथे दाटीवाटीने राहणाऱ्या पाइपांबद्दल. पूर्वी भिंतीत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप गाडलेले होते. ते आतून गंजत गंजत इतके अरुंद झाले, की सकाळचे पहिले पाणी तांबडे यायचे आणि नंतरची धार करंगळीएवढीही उरायची नाही. शेवटी ते आहेत तिथेच सोडून देऊन प्लंबरने फिकट पिवळसर रंगाचे नवे सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकचे पाइप भिंतीवरून, चिमट्यांनी ठोकून नेले. पाणी धो धो येऊ लागले, आणि आंघोळीला बसल्यावर नजरेसमोर वळणे, टी आकाराचे सांधे आणि कॉक यांचे जाळे दिसू लागले.

हे पाइप निदान आमचे तरी होते. डोक्यावर लटकतात ते वरच्या घराचे. आता न्हाणीखालचा स्लॅब फूटभर खाली घेऊन त्या खड्ड्यातच पाइप लपवतात. आमच्या इमारतीत तसा खड्डा नाही, म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीतले पाणी ज्या भांड्यातून वळते ते काळपट भांडे आणि त्याला जोडलेला चार इंची आडवा पाइप आमच्या छताखाली दीड फूट उतरून मग कोपऱ्यातल्या उभ्या पाइपाला मिळतो. त्या भांड्याला प्लंबर लोक ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. देशभरातले कितीतरी प्लंबर त्याच भागातून येतात. आपण घरात न्हाणीला केव्हाच ‘बाथरूम’ करून टाकले, पण ‘न्हाणी’ हा शब्द त्याच्या उडिया वळणाच्या बोलण्यात अजून रोज वापरला जातो, याचे मला फार अप्रूप वाटते.

झाकायचे ठरले तेव्हा माझी पहिली कल्पना अर्थातच भिंतीत झिरी पाडून पाइप आत घालण्याची होती. ‘ताई, भिंत साडेचार इंचाची आहे, झिरी पाडली तर पलीकडच्या स्वयंपाकघरातून दिसेल,’ असे सांगून प्लंबरने ती निकालात काढली. मग मी बाटलीत मनी प्लँट लावून त्याची वेल आडव्या पाइपावर सोडली. महिन्याभराने तिथे पाइप होताच, शिवाय त्यावर वेलही होती. पॅरिसच्या पॉम्पिदू या कलाकेंद्राचे उदाहरणही मी घरात देऊन पाहिले. 1977 साली उघडलेल्या त्या इमारतीचे पाइप मुद्दाम बाहेर ठेवलेले आहेत आणि त्यांना हवेसाठी निळा, पाण्यासाठी हिरवा, विजेसाठी पिवळा असे रंग दिलेले आहेत. मग आपणही पाइप हिरवेगार रंगवून मिरवायला काय हरकत आहे? त्यावर ‘ते बघायला लोकांना समोर मोठे पटांगण आहे, आपल्याला मागे सरकायलाही जागा नाही,’ असे उत्तर आले, आणि ते बरोबर होते.

राहिला पेटीचा मार्ग. सुताराने प्लायवुड सुचवले. पण एका नातेवाइकांकडची प्लायवुडची पेटी दुसऱ्याच पावसाळ्यात पुरीसारखी फुगलेली मी पाहिली होती. पीव्हीसीच्या फळ्या पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून त्या ठरल्या. तरी सगळेच पाइप पेटीत घालायचे म्हटले तर दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच जाणार, आणि उरलेल्या तीन फुटांत डोक्यावरून पाणी ओतताना कोपर आपटणार. पट्टी घेऊन दोन संध्याकाळी मापे घेतल्यावर मी बेत आवरता घेतला. कोपऱ्यातल्या उभ्या पाइपालाच तेवढी पेटी केली, तीही लोहचुंबकाने बंद होणाऱ्या दारासह, कारण सांध्यांसमोर फरशी बसवली तर पुढच्या वेळी हातोडी घेऊनच यावे लागेल, असे प्लंबरने बजावले होते. भिंतीवरचे पाइप बारीक पॉलिश पेपरने घासून फरशीच्याच रंगात रंगवले. या पाइपांना तैलरंग मानवत नाही, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्यावा लागतो. चिमटे मात्र थोडे सैल ठेवावे लागले, कारण गिझरचे पाणी सुरू झाले की दोन मीटरचा पाइप चार-पाच मिलिमीटरने वाढतो आणि आवळून धरला तर कुरकुरतो. एकाच रंगामुळे पाइप दिसेनासे झाले असे नव्हे, पण नजर त्यांच्यावर अडखळायची थांबली. एवढ्याशा खोलीत माझ्या मते हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय आहे. पेटीवर खर्च करण्याआधी तो करून पाहावा.

छताला पीव्हीसीच्या पट्ट्या लावल्या आणि ट्रॅपच्या बरोबर खालची चौकट काढता येईल अशी ठेवली. उंची नऊ फुटांची साडेसात झाली, एवढे सोडले तर खोली शहाण्यासारखी दिसू लागली. आवाज मात्र झाकला गेला नाही. पहाटे साडेपाचला काकूंची पहिली बादली अजूनही माझ्या डोक्यावरून खळखळत जाते.

काम कसे झाले ते पाहायला काकू परवा खाली आल्या. फरशी पाहिली, रंग पाहिला, मग वर बघत त्यांनी विचारले, ‘अगं, पण माझं पाणी जातं कुठून?’ चाळीस वर्षे त्या ट्रॅपच्या वर राहून त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. मी स्टुलावर चढून चौकट काढली आणि विजेरीचा झोत टाकला. काकू बराच वेळ मान वर करून त्या काळ्या, खवले धरलेल्या भांड्याकडे पाहत राहिल्या.

‘बंद कर बाई,’ त्या म्हणाल्या. मी चौकट लावली.