गॅस होता, वीज पोहोचत नव्हती

आमच्या गाडीचा एसी सकाळी उत्तम चालायचा आणि दुपारी, वसमत रस्त्याला लागून अर्धा तास होतो न होतो तोच, गरम हवा फेकू लागायचा. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि त्या उन्हात काचा खाली करून नांदेड गाठणे म्हणजे भट्टीचे दार उघडून बसण्यासारखे आहे. गाडी सावलीत तासभर उभी राहिली की एसी काही घडलेच नसल्यासारखा पुन्हा सुरू व्हायचा.

ज्याला सांगावे त्याचे निदान एकच. "सर, गॅस मारून घ्या, दुसरं काही नसतंय." गॅस कमी असता तर सकाळचा गारवाही उणाच राहिला असता, अशी माझी शंका होती, तरीही दाब मोजणारे गेज लावून घेतले. इंजिन बंद आणि बाहेर ४० अंशांच्या आसपास तापमान असताना दाब सुमारे ९ बार भरला. एसीत भरलेल्या आर-१३४ए या वायूचा त्या तापमानाचा बाष्पदाब तेवढाच असतो, त्यामुळे या आकड्यावरून प्रणालीत द्रवरूप गॅस शिल्लक आहे एवढेच सिद्ध होते. तो पूर्ण आहे की अर्धा, हे बंद इंजिनावर कळत नाही. मात्र दाब साधारण २ बारच्या खाली गेला तर प्रेशर स्विच गॅस दाबणारा कॉम्प्रेसर बंद करतो, आणि त्या मर्यादेपासून आपण पुष्कळ दूर आहोत हे नक्की झाले. सकाळी एसी चालू ठेवून पाहिले तेव्हाही दोन्ही गेजचे काटे जागेवर होते. तेव्हा गॅसवर पैसे घालण्याआधी मल्टीमीटर काढायचा, असे मी ठरवले. नववीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवत असल्यामुळे मीटर घरी होताच.

अधूनमधून येणारा दोष तो हजर असतानाच मोजावा लागतो. गाडी भर दुपारी पळवून आणली आणि गार हवा थांबताच, इंजिन चालू ठेवूनच, बॉनेट उघडले. गरम गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरचा पंखा फिरत होता. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्याबरोबर फिरत होती, पण तिच्या पुढची, पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणाऱ्या विद्युतचुंबकी क्लचची चकती जागच्या जागी उभी होती. म्हणजे विद्युतचुंबक चकतीला ओढून घेत नव्हता.

येथे पहिला प्रश्न असा की, इंजिनाचा कंट्रोलर कॉम्प्रेसर मागतो आहे की त्यानेच तो थांबवला आहे? केबिनची हवा गार करणाऱ्या इव्हॅपोरेटरवर बर्फ धरण्याची भीती असेल, दाब फार चढला असेल किंवा इंजिन तापले असेल, तर तो मुद्दाम थांबवतो. हे सगळे सेन्सर एकेक करून तपासत बसण्यापेक्षा रिलेच्या, म्हणजे छोट्या धारेने क्लचची मोठी धारा चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, कॉइलला विभवांतर मिळते का, एवढे पाहणे पुरेसे असते. ते मिळत होते. त्या एका मोजमापाने प्रेशर स्विच, तापमान मोजणारा थर्मिस्टर आणि कंट्रोलर हे तिघेही निर्दोष सुटले आणि शोध रिलेपासून क्लचपर्यंतच्या वाटेवर आला.

वायरिंगवाल्या भाईंनी क्लचचा प्लग काढून टेस्ट लॅम्प लावला. तो लखलखीत पेटला. "करंट येऊन राहिलाय सर, क्लचच गेलाय," असे ते म्हणाले. क्लच बदलणे म्हणजे मोठा खर्च. परंतु टेस्ट लॅम्पचा लहानसा बल्ब क्लचच्या मानाने फारच थोडी धारा घेतो, आणि वाटेतील रोधावर किती व्होल्ट खर्ची पडतात हे धारेवर अवलंबून असते. म्हणून प्लग परत लावला, त्याच्या मागच्या बाजूने वायरीच्या कडेने टाचणी सरकवली आणि क्लच जोडलेला असताना मोजले. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, क्लचवर फक्त ९.६. अर्थिंगची, म्हणजे ऋण बाजूची, जोडणी पक्की होती, मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन क्लचच्या अर्थिंगवर ठेवली तर जेमतेम ०.०८ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ सगळे ४.२ व्होल्ट धन बाजूलाच गडप होत होते.

हॉर्नचा रिले त्याच मापाचा होता, तो एसीच्या रिलेच्या जागी लावून पाहिला, फरक शून्य. मग रिले उपसून फ्यूज बॉक्समधल्या त्याच्या खाचा टॉर्चने पाहिल्या. क्लचकडे जाणाऱ्या ८७ क्रमांकाच्या खाचेभोवतीचे काळे प्लॅस्टिक तपकिरी पडून किंचित वितळले होते, आणि आतल्या टर्मिनलच्या पाकळ्या इतक्या फाकल्या होत्या की रिलेची सुटी पिन त्यात घातली असता तिला पकडच बसत नव्हती. गरम क्लचच्या कॉइलचा रोध मी ४.५ ओहम मोजला होता, त्यावरून धारा २.१ अँपिअर येते, तिला ४.२ व्होल्टने गुणले की जवळजवळ ९ वॉट उष्णता त्या नखाएवढ्या सांध्यात पडत होती. फ्यूज मात्र कधीच उडाला नाही, कारण वाढलेला रोध धारा कमी करतो, वाढवत नाही.

दुपारीच का, याचे उत्तरही त्यातच होते. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. तीच कॉइल सकाळी थंड असताना ३.६ ओहम दाखवत होती. त्यात सांधाही तापून आणखी सैल व्हायचा. शिवाय चकती आणि पुली यांच्यातील फट झिजून ०.८ मिलिमीटर झाली होती, ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. थंड असताना एवढी फट ओढण्याइतके बळ चुंबकात असायचे, गरम झाल्यावर नसायचे.

भाईंनी ते टर्मिनल बाहेर काढले, वायरीचे करपलेले टोक कापून नवे टर्मिनल क्रिम्प केले, म्हणजे दाबून बसवले, आणि चकतीमागची एक पातळ शिम (वॉशर) काढून फट कमी केली. क्लचवर आता १३.४ व्होल्ट मिळतात. शेजारच्या कंडेन्सर पंख्याच्या रिलेची खाचही तपकिरी पडू लागली होती. ते टर्मिनलही त्यांनी त्याच बैठकीत बदलले, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.