पैसे निघालेत, वाटेत आहेत

आम्ही तिघं. मी भारतात, एक मित्र जर्मनीत आणि मावसभाऊ अमेरिकेत. सुट्टीत युरोपात एकत्र भटकलो, ट्रेनची तिकिटं जर्मनीवाल्यानं काढली आणि माझ्याकडे त्याचे ८६ युरो राहिले. परत आल्या आल्या मी मेसेज टाकला, यूपीआय आयडी दे, आत्ता टाकतो. हे "आत्ता टाकतो" मी ज्या तोऱ्यात लिहिलं होतं ते आता वाचवत नाही.

त्याचा इकडचा मोबाईल नंबर कधीच बंद झालाय, आणि नंबर नाही म्हणजे यूपीआयच्या लेखी तो माणूसच नाही. २०२३ मध्ये एनआरआय लोकांना बाहेरच्या नंबरवर यूपीआय वापरायची सोय झाली, पण सुरुवातीच्या दहा देशांच्या यादीत जर्मनी नव्हतं, मग यानंही नाद सोडला. म्हणाला आयबॅन (तिकडचा बँक खात्याचा नंबर) घे ना, सोप्पंय, आणि २२ अक्षरांचं एक लांबच लांब शेपूट पाठवून दिलं. तिकडे हे एवढं दिलं की काम होतं, आणि त्यातले दोन आकडे तर फक्त चूक पकडायला ठेवलेले असतात, म्हणजे टाईप करताना एक आकडा जरी चुकला तरी गणित बसत नाही आणि अॅप तिथल्या तिथे सांगतं की बाबा परत बघ. हुशारी आहे, मान्य. पण भारतात आयबॅन नाहीच. आपला आयएफएससी, अक्षरं ११, आणि पाचव्या जागी कायम शून्य, का तर पुढेमागे लागेल म्हणून राखून ठेवलंय. (पिशव्यांची पिशवी जपणारा कोणीतरी त्या कमिटीत नक्की असणार.)

मग मावसभाऊ मधे पडला. "मी पाठवतो त्याला, तू मला कधीपण दे." याच्याकडे पैसे पाठवायला झेल (Zelle) नावाची सोय, पण ते चालतं दोन्हीकडे अमेरिकन बँकेचं खातं असेल तरच. राउटिंग नंबर, म्हणजे बँक ओळखायचा नंबर, विचार म्हणाला त्याला, तो ९ आकडी असतो, अमेरिकेत १९१० पासून चालू आहे, जर्मनीवाला म्हणाला असलं काही नसतं आमच्याकडे. शेवटी भाऊ अगदी गंभीरपणे म्हणाला, चेक पाठवू का? यावर जर्मनीवाल्यानं फक्त हसण्याची चित्रं टाकली, रांगेनं.

गंमत म्हणजे तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याकडचं सरळ आहे, बाकीचेच दोघं अडाणी. आणि आपापल्या कुंपणात तिघंही बरोबर होते. केनियात २००७ पासून एम-पेसानं साध्या बटणांच्या फोनवरून पैसे जातायत, ब्राझीलमध्ये २०२० मध्ये यूपीआयसारखं पिक्स आलं, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं तसलंच फेडनाऊ चालू केलं ते थेट जुलै २०२३ मध्ये. सगळीकडे सेकंदात पैसे पोचतात, फक्त वेस ओलांडायची नाही. सिंगापूरचं पेनाऊ आणि आपलं यूपीआय २०२३ च्या फेब्रुवारीत जोडलं तशी एखादी खिडकी उघडते अधूनमधून, पण आपला माणूस नेमका दुसऱ्याच गल्लीत राहत असतो.

या ट्रिपमध्येच मला अंदाज यायला हवा होता खरं तर. कार्ड मशीनवर लावलं, नाही म्हणालं. मग आठवलं, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डाचा परदेशातला वापर मुळातच बंद असतो, तो आपण चालू करायचा, आणि तो चालू करायला ओटीपी, आणि ओटीपी जाणार त्या नंबरवर ज्याचं सिम मी घरी जुन्या फोनमध्ये टाकून आलेलो. आईला फोन लावला, तिकडे रात्रीचा एक. तिनं चष्मा शोधला, फोन शोधला, मेसेज उघडला आणि म्हणाली, "अरे यात लिहिलंय कोणालाही सांगू नका. सांगू का तुला?" म्हणलं सांग. "बघ हां, बँकेनं लिहिलंय." तोपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्या वेळी जमलं, पण तिच्या मनात अजून आहे की त्या रात्री आपण काहीतरी बेकायदा केलं.

असो. शेवटी मी रीतसर बँकेतून पाठवायचं ठरवलं. त्याचा फॉर्म निघाला. पॅन द्या, आणि लिहून द्या की या आर्थिक वर्षात तुम्ही अडीच लाख डॉलरची मर्यादा ओलांडलेली नाही. मी ८६ युरो पाठवत होतो, तरी छाती फुगवून लिहून दिलं. मग पैसे कशासाठी, त्याचा कोड निवडा. शिक्षण, उपचार, कुटुंबाचा खर्च, भेट... "मित्राचे पैसे फेडायचेत" असं त्यात कुठेच नव्हतं. काउंटरवरचे साहेब म्हणाले, भेट टाका, सगळे तेच टाकतात.

नंतर चार दिवस अॅपमध्ये एकच ओळ: प्रोसेसिंग. मी मनात विमानात बसलेल्या पैशांचं चित्र रंगवत होतो, मग वाचल्यावर कळलं की पैसे कुठे जातच नाहीत. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये सुरू झालेलं ते स्विफ्ट, ज्याचं नाव ऐकून वाटतं पैसे सुसाट नेणारं काहीतरी असेल, ते फक्त निरोप नेतं. माझी बँक दुसऱ्या बँकेला कळवणार, त्यांची आपसात खाती असली तर ठीक, नसली तर मधे तिसरी बँक, तिचं दोघांकडे खातं, ती एका वहीतनं वजा करणार दुसऱ्या वहीत जमा करणार. म्हणजे आपली हुंडीच की ही. या पेढीनं त्या पेढीला चिठ्ठी लिहायची, फक्त चिठ्ठी आता वाऱ्याच्या वेगानं जाते आणि मग कोणाच्या तरी टेबलावर सोमवार उजाडायची वाट बघत बसते. आणि ती मधली पेढी आपली दलाली मुद्दलातनंच कापून घेते, न विचारता. फॉर्मवर मी "खर्च दोघांत वाटून" वर खूण केली होती, तेव्हा मला वाटलं किती समंजस पर्याय आहे हा.

पाचव्या दिवशी मित्राचा मेसेज आला. पैसे पोचले होते, ६९ युरो. सोबत त्याच्या बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, कारण: गिफ्ट.

मी म्हणलं, अरे सतरा कमी आलेत, ते कसे देऊ सांग.

तर म्हणतो, "राहू दे रे, भेट मोजून घेत नसतात."