डॉसनव्हिलचा लॉईड सी

अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटा-कमिंगकडे, हल्ली मराठी माणूस शोधावा लागत नाही. माझा भाचाही तिथलाच. त्याच्या घराजवळून हायवे ९ धरला की हा रस्ता थेट डॉसनव्हिलला, मोटार शर्यतीतल्या लॉईड सीच्या गावाला नेतो. आधी सगळे सिग्नल आणि दुकानं, कमिंगनंतर मात्र झाडी आणि वळणं. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी याच रस्त्यानं रात्रीअपरात्री हातभट्टीची दारू अटलांटाला जायची.

१९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली, पण कर बुडवून डोंगरात दारू गाळणं काही थांबलं नाही. मालासाठी फोर्ड व्ही-८. दिसायला चारचौघांच्या गाडीसारखी, इंजिनाची मात्र ताकद वाढवलेली. मागच्या स्प्रिंगाही मुद्दाम कडक केलेल्या, कारण माल भरल्यावर गाडी मागून बसली की पोलिसांना लांबूनच कळायचं. अशी गाडी मातीच्या वळणावर न उलटता पळवणारा पोरगा शर्यतीत उतरला, तर बाकीच्यांनी काय करायचं?

लॉईड सी तसा पोरगा. जन्म १९१९, इथलाच. त्याच्या शर्यतीच्या गाड्यांचा मालक रेमंड पार्क्स हा नात्यातला, तोही दारूच्याच धंद्यात वर आलेला. मेकॅनिक अटलांटाचा रेड व्होग्ट. नोव्हेंबर १९३८ मध्ये अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर मोठी शर्यत जिंकला, तेव्हा लॉईड अठरा वर्षांचा होता. वळणावर गाडी दोन चाकांवर घ्यायचा म्हणतात. एक किस्सा तर इकडे सगळेच सांगतात: वेगासाठी पोलिसानं अडवलं, दंड दहा डॉलर. यानं वीस काढून दिले. परत येतानाही घाई असणार, तेव्हाचे आत्ताच घ्या! खरं-खोटं देव जाणे.

२४ ऑगस्ट १९४१ ला त्यानं डेटोना बीचची शर्यत मारली, १ सप्टेंबरला लेकवुडची. दुसऱ्याच दिवशी साखरेच्या उधारीवरून भांडण झालं आणि वुड्रो अँडरसन या नात्यातल्याच माणसानं त्याला गोळी घातली. साखर अर्थात भट्टीसाठीच लागायची. वय एकवीस. ट्रॅकवर कारकीर्द जेमतेम तीन वर्षांची, आणि नॅसकार, म्हणजे अमेरिकेत मोटार शर्यती भरवणारी संस्था, स्थापन व्हायला अजून सहा-सात वर्षं होती, त्यामुळे नॅसकारच्या विक्रमांच्या यादीत हा नाहीच.

गावच्या स्मशानभूमीत त्याचा दगड आहे. दगडावर फोर्ड कूपे, म्हणजे दोन दारांची मोटार, कोरलीय आणि ड्रायव्हरच्या खिडकीत त्याचा फोटो बसवलाय. चेहरा अगदी कोवळा, कॉलेजच्या ओळखपत्रावर असतो तसा. हा दगड पार्क्सनं बसवला. पुढे १९४९ साली नॅसकारच्या मुख्य मालिकेचा पहिला विजेता ठरलेला रेड बायरनही पार्क्सच्याच गाडीत होता. लॉईड जगला असता तर, हा प्रश्न इथे आलेल्या प्रत्येकाला पडतोच. मला वाटतं, महायुद्धात गेला असता किंवा तुरुंगात. शर्यतीत टिकला असताच असं नाही.

गावात जॉर्जियाच्या रेसिंगचं संग्रहालय आहे, आणि त्याच इमारतीत दारूची भट्टी, आता सरकारी परवान्यासह. आपल्याकडे हातभट्टीवाल्याचं कौतुक असं दाराशी मांडलेलं मी तरी पाहिलं नाही.

जेवायला गावातल्या ‘पूल रूम’ नावाच्या खानावळीत जा. याच गावचा नॅसकार ड्रायव्हर बिल एलियट शर्यत जिंकला की तिथे सायरन वाजवायचे. आता त्याच्या मुलासाठी, चेससाठी वाजवतात. शाकाहारी असाल तर फ्राइजवर भागवा, भाच्याच्या बायकोनं तेच केलं.